जत्रेतलं विमान आणि खरा स्टारस्क्रीम

पहिला स्टायपेंड हातात आला की काय करायचं याचे काही अलिखित नियम आहेत. आईच्या हातात पाकीट द्यायचं, मित्रांना वडापावच्या पुढचं काहीतरी खिलवायचं आणि उरलेले गुपचूप बँकेत ठेवायचे. पहिल्या दोन गोष्टी मी इमानदारीत केल्या. तिसरी नाही केली. साडेतीन हजार रुपये मोजून एक खेळणं घेतलं. वय वर्षं एकवीस, इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष, आणि डोंबिवलीच्या वन रूम किचनच्या दारात कुरिअरवाल्याला ओटीपी सांगताना आवाज जरा खालीच होता.

आईने खोका उलटसुलट करून बघितला. कोपऱ्यात वय लिहिलेलं असतं, ‘आठ वर्षांपुढील’. ते वाचून म्हणाली, “मग बसतोस की तू यात.” बाबा काहीच बोलले नाहीत. ते पेपर वाचत होते आणि पेपर वाचतच राहिले. मला वाटलं, चला, सुटलो.

खेळणं म्हणजे स्टारस्क्रीम. ज्यांना ट्रान्सफॉर्मर्स म्हणजे फक्त मायकेल बेचे धडामधुडूम सिनेमे एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑप्टिमस प्राइम चांगल्यांचा सरदार, मेगाट्रॉन वाइटांचा. स्टारस्क्रीम हा मेगाट्रॉनचा उजवा हात. त्याचं रूपांतर जेट फायटरमध्ये होतं आणि आयुष्यातलं एकमेव ध्येय म्हणजे मेगाट्रॉनची खुर्ची. साहेबांचं कौतुक करायचं, पाठ वळली की वार करायचा, डाव फसला की पायाशी लोळण घ्यायची, आणि पुढच्या एपिसोडला पुन्हा तेच. महाराष्ट्राचं राजकारण बघत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला हे कॅरेक्टर वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

हा गडी मुळात १९८४चा. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने जपानच्या टाकारा कंपनीची डायाक्लोन आणि मायक्रोमॅन ही तयार खेळणी उचलली, त्यांना नवं नाव आणि नवी गोष्ट दिली आणि ट्रान्सफॉर्मर्स म्हणून विकली. स्टारस्क्रीम त्यातला डायाक्लोनवाला. जपानमध्ये तो कुणी खलनायक वगैरे नव्हताच. ते एक यंत्र होतं, आत बसायला छोटासा पायलट असलेलं. त्याला नाव आणि स्वभाव मिळाला अमेरिकेत, मार्व्हल कॉमिक्सच्या ऑफिसात. बॉब बुडिआन्स्की नावाच्या एडिटरने यातल्या बहुतेक पात्रांची नावं आणि खोक्यामागची माहिती लिहिली. म्हणजे प्लास्टिक आधी आलं, गोष्ट नंतर. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर प्रश्न असा की चाळीस वर्षांपूर्वीचं हे कॅरेक्टर कंपनी दर काही वर्षांनी नव्याने बनवते आणि आपल्याला विकते. माझ्याकडे आलेला २०२०च्या ‘अर्थराइज’ मालिकेतला आहे. व्हॉयेजर साइज, म्हणजे साधारण सात इंच. तो चांगला आहे की नाही हे ठरवायचं कसं?

नेटवर याचं उत्तर देणारे पन्नास व्हिडिओ आहेत. बहुतेक जण एकच गोष्ट करतात. जुना स्टारस्क्रीम बाजूला ठेवतात, नवा शेजारी ठेवतात आणि लहानपणीच्या आठवणीने डोळे ओले करतात. त्यांचं बरोबरच आहे. ते चाळिशी-पंचेचाळिशीचे, त्यांच्या ख्रिसमसला तो खोका झाडाखाली होता. माझी अडचण अशी की माझ्या लहानपणी तो नव्हता. माझ्या लहानपणी होती दुर्गाडीची जत्रा.

कल्याणला दुर्गाडी किल्ल्यावर नवरात्रात देवीची जत्रा भरते. मी दुसरीत होतो. पाळणा, फुगे, पिपाणी, आणि एका गाडीवर प्लास्टिकच्या पिशवीत लटकवलेलं करडं-लाल विमान. साठ रुपये, घासाघीस करून पन्नास. पिशवीवरच्या पुठ्ठ्यावर इंग्रजी नाव होतं, त्यातली दोन अक्षरं चुकलेली. मी त्याला सुखोई म्हणायचो, कारण मागे दोन उभी शेपटं होती आणि सुखोई-३०ला तशीच असतात हे मला माहीत होतं. (नाशिकचे मामा कायम सांगायचे, सुखोई आमच्या ओझरला बनतं. खरंच आहे, एचएएलचा कारखाना तिथेच आहे.) ते विमान उघडून माणूस होतो हे मला घरी आल्यावर कळलं. पाय खाली ओढायचे, नाक वाकवायचं, हात बाहेर काढायचे. झाला रोबो. तीन स्टेपमध्ये विषय संपला.

दुसऱ्या दिवशी पंख तुटला. मी भोकाड पसरलं. बाबांनी गॅसवर स्क्रूड्रायव्हरचं टोक तापवलं, तुटलेल्या जागेवर फिरवलं आणि पंख जोडून दिला. काळा, ओबडधोबड डाग राहिला, पण पंख पुन्हा कधी तुटला नाही.

आता सांगा, माझ्यासाठी ‘क्लासिक’ कोणता? १९८४चा, की दुर्गाडीचा?

ही अडचण घेऊन मी ठाण्याला एका सीनियर दादाकडे गेलो. कॉलेज संपवून नोकरीला लागलाय, घरात काचेच्या कपाटात तीसेक ट्रान्सफॉर्मर्स आहेत आणि लग्नाच्या स्थळांना ते कपाट दाखवायचं की नाही यावर घरात वाद चालू आहे. त्याच्याकडे जुन्या साच्यातून पुन्हा काढलेला १९८४चा स्टारस्क्रीम आहे. तो आणि माझा, दोन्ही पिशवीत घालून आम्ही तलावपाळीला जाऊन बसलो. मासुंदा तलावाच्या कठड्यावर दोन मोठी पोरं खेळण्यातली विमानं उघडतायत हे दृश्य बघून एक छोटी मुलगी बराच वेळ थांबली होती, शेवटी तिच्या आजीने तिला ओढत नेलं.

जुना हातात घेतला आणि पहिला धक्का बसला तो वजनाचा. त्यात काही भाग धातूचे आहेत. दुसरा धक्का म्हणजे तो पूर्ण बदलतच नाही! म्हणजे बदलतो, पण पंख वेगळे लावायचे, मागची शेपटं वेगळी, मुठी वेगळ्या, बंदुका वेगळ्या. विमान करायचं तर मुठी काढून कुठेतरी ठेवायच्या. त्या हरवल्या की स्टारस्क्रीम कायमचा थोटा. रोबो झाल्यावर हात जेमतेम वरखाली होतात, पाय म्हणजे दोन खांब. उभा राहतो तो कवायतीला ‘सावधान’ ऐकल्यासारखा.

पण विमान? विमान कडक दिसतं. खरं एफ-१५. हे विमान पहिल्यांदा उडालं १९७२ला आणि ऐंशीच्या दशकात लढाऊ विमान म्हटलं की अमेरिकन-जपानी पोरांच्या डोळ्यांसमोर तेच यायचं. जुन्या खेळण्यात त्याची बारीक ठेवण नीट उतरली आहे, आणि उतरली आहे कारण रोबोला फारसं काही करायचंच नव्हतं. गुडघे, कोपरं, मनगटं यांना जागा लागते. ती जागा विमानाच्या पोटातूनच काढावी लागते. गुडघा दिला की विमान जाड झालं.

दादा म्हणाला, “फोटोवर जाऊ नकोस. फोटोत एकतर रोबो असतो नाहीतर विमान. आपण पैसे मोजतो ते मधल्यासाठी.”

हे वाक्य डोक्यात बसलं. मधलं म्हणजे काय, तर एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना हाताला जे लागतं ते. कुठली घडी आधी, कुठली नंतर. कुठला भाग ‘टक’ करून बसतो आणि कुठला नुसताच टेकतो. दोन दगडांवर पाय ठेवून उभं राहायचं हेच या खेळण्याचं काम आहे, तर मग कसरत बघायची ती पाय कुठे ठेवले याची.

माझ्या नव्या स्टारस्क्रीमची कसरत अशी. कुठलाही मोठा भाग काढून बाजूला ठेवावा लागत नाही, फक्त दोन्ही बंदुका हातावरून काढून पंखांपाशी लावायच्या. मुठी हाताला, पंख पाठीला, शेपटं पायांना, सगळं जोडलेलंच. कॉकपिट छातीवर येतं, काळं नाक दुमडून नजरेआड होतं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना ते ओळखीचे चौकोनी खांदे. १९८४च्या कार्टूनमधला स्टारस्क्रीम समोर उभा राहतो, आणि तो ‘सावधान’मध्ये नाही. गुडघा वाकवून, मान तिरकी करून, आता कुणाची तरी चुगली करणार अशा बेतात उभा करता येतो. माझ्या मते या खेळण्याचं सगळ्यात मोठं यश हेच. जुन्या खेळण्यात स्टारस्क्रीमचा रंग होता, स्वभाव नव्हता. तो स्वभाव कार्टूनमध्ये होता, ख्रिस लाट्टाच्या त्या किनऱ्या, चिरक्या आवाजात. (हाच माणूस जी. आय. जोमधल्या कोब्रा कमांडरचाही आवाज. आणि जी. आय. जोची खेळणी आपल्याकडे फनस्कूलने बनवली, ती आज परदेशातले कलेक्टर शोधत फिरतात. बाबांच्या पिढीतल्या कुणाच्या माळ्यावर असतील तर फेकू नका.) नव्याच्या सांध्यांमुळे तो आवाज आता अंगात आलाय.

विमान मात्र वरून बघायचं, खालून नाही. वरून एफ-१५, खालून पोटाशी हात घेऊन झोपलेला रोबो. कपाटात ठेवलं तर कळत नाही, हातात घेऊन ‘घूंऽऽ’ करत फिरवलं की कळतं. आणि विमान हे फिरवण्यासाठीच असतं ना?

हा तिढा फक्त साडेतीन हजारांच्या खेळण्याला नाही. टाकाराची ‘मास्टरपीस’ नावाची महागडी मालिका आहे, मोठ्यांसाठीच. त्यातला पहिला स्टारस्क्रीम २००६चा. डिझाइन कुणाचं, तर शोजी कावामोरीचं. मॅक्रॉस या जपानी मालिकेतली रोबो होणारी विमानं त्याची, आणि जो पुढे ऑप्टिमस प्राइम झाला त्या डायाक्लोन ट्रकच्या डिझाइनमध्येही त्याचा हात होता. असा माणूस बसला आणि त्याने विमानाची बाजू घेतली. जेट इतकं खरं की रंगसुद्धा लष्करी, हिरवट करडा. पण मग विमानाच्या बाजूचे पत्रे रोबोच्या कमरेवर लोंबत राहिले. फॅन लोकांनी त्यावर वर्षानुवर्षं डोकं आपटलं. २०१२ला सुधारित आवृत्ती आली तेव्हा रंग कार्टूनसारखे केले आणि कमरेवरचा पसारा हलवला. सिनेमावाल्यांनी तर २००७ला एफ-१५च सोडून दिलं आणि त्याला एफ-२२ केलं. आकार भलताच, चेहरा भलताच. तो स्टारस्क्रीम मला कधीच स्टारस्क्रीम वाटला नाही, त्याच्याबद्दल एवढंच.

इथपर्यंत मी खूश होतो. रिव्ह्यू तयार होता. दहापैकी आठ वगैरे देऊन मोकळा होणार होतो.

त्या रात्री जेवण झाल्यावर बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, “बघू ते.”

इथे बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. आता ते एका मोठ्या सोसायटीच्या मेंटेनन्सचं काम बघतात. पण लग्नाआधी आणि त्यानंतरची काही वर्षं ते ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या मोल्डिंगच्या कारखान्यात होते. आधी हँड मोल्डिंगवर, मग मोठ्या मशीनवर. बाटल्यांची बुचं, खुर्च्यांचे बूट, पेनांची टोपणं आणि मध्ये दोनेक वर्षं खेळण्यांचे सुटे भाग. सकाळी डोंबिवलीहून लटकत ठाणे, तिथून बसने वागळे. मग चायनाचा माल यायला लागला, खेळण्यांचं काम बंद झालं, आणि काही वर्षांनी कारखानाच. हे सगळं मला तुकड्या-तुकड्याने माहीत होतं. त्यांनी सलग कधी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

त्यांनी चष्मा वर केला आणि स्टारस्क्रीम डोळ्यांजवळ नेला. रोबो छान दिसतो की विमान, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पंखाच्या कडेवरून नख फिरवलं. “पार्टिंग लाइन बघ. लागतेय हाताला? नाही ना. डाय चांगली आहे. आमच्याकडे फ्लॅश यायचा, बायका बसायच्या ब्लेडने काढत.” मग पाय उलटा करून आतले गोल ठसे दाखवले. साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे ते ठसे. “हे सगळे आतल्या अंगाला घेतलेत. बाहेर एक नाही. डाय करणाऱ्याने विचार केलाय.” मग सांधा हलवला, कानाजवळ नेऊन पुन्हा हलवला. कटकट आवाज आला. “इथे दाणा वेगळा वापरलाय. बाहेरचं एबीएस. सांध्यातलं गुळगुळीत आहे, घासून झिजायला नको म्हणून.” पंखाचं टोक दाबून बघितलं. “पोरांच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून टोकं मऊ ठेवतात. म्हणून ती वाकडी होतात. गरम पाण्यात धरायची, सरळ होतात.”

मी गप्प बसून ऐकत होतो. पन्नास व्हिडिओंत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही, पण हे नाक मुरडत असलेल्या आईसमोर, ताटं उचलायची राहिलेली असताना सांगितलं नव्हतं.

मग मी त्यांना एक गोष्ट दाखवली. मोबाइलवर स्कायवार्प आणि थंडरक्रॅकर यांचे फोटो. स्टारस्क्रीमचे दोन साथीदार, एक काळा-जांभळा, एक निळा. आकार डिट्टो तोच. मला कायम वाटायचं की हा कुणा लेखकाच्या डोक्यातला विचार, एकसारखे दिसणारे तीन सैनिक.

बाबा हसले. “एकच डाय आहे ही. दाणा बदलला की रंग बदलला. आम्हीपण तेच करायचो. एक बूच, पाच रंग.”

आणि खरंच तसं आहे. १९८४च्या तिन्ही जेटना एकच साचा. साचा बनवायलाच खरा पैसा लागतो, एकदा बनला की त्यातून जितका माल काढाल तितकं बरं. १९८५ला त्याच साच्याला वेगळे पंख लावून आणखी तीन विमानं काढली, रामजेट, थ्रस्ट आणि डर्ज. गोष्ट लिहिणाऱ्यांनी मग या एकसारख्या खेळण्यांना वेगवेगळे स्वभाव दिले. एकाला गायब होऊन खोड्या काढणारा, एकाला मनातून शंका असलेला. फॅन लोक त्यांच्यावर निबंध लिहितात, आणि त्यांच्या जन्माचं कारण वागळे इस्टेटच्या बुचाइतकंच साधं. प्लास्टिक आधी, गोष्ट नंतर.

नव्या मालिकेतही तेच चाललंय. अर्थराइजच्याच साच्यातून पुढे मुकुट आणि केप घातलेला स्टारस्क्रीम आला, १९८६च्या ॲनिमेशन सिनेमातला. त्यात स्टारस्क्रीमला शेवटी हवी ती खुर्ची मिळते, राज्याभिषेक चालू असतो आणि तेवढ्यात गॅल्व्हाट्रॉन येऊन त्याची राख करतो. ही गोष्ट बाबांना सांगितली तर म्हणाले, “मग केप कशाला घेऊन ठेवायची?”

ते उठले, माळ्यावर चढले. दहा मिनिटं खोके सरकवल्याचे आवाज. आई खालून ओरडत होती की गुडघ्यांचा विचार करा. उतरले तेव्हा हातात एक पिशवी आणि पिशवीत दुर्गाडीचं विमान. मला वाटलं होतं ते कधीच कचऱ्यात गेलं असेल.

दोन्ही शेजारी ठेवली. जत्रेतलं विमान आता पिवळट पडलंय, हात सैल झालेत, एक शेपूट नाही. कुठून कुठून भरलेला, पुन्हा दळलेला दाणा असणार असं बाबा म्हणाले, म्हणून रंगात रेषा आहेत. कडेला फ्लॅश तसाच. पिनांचे ठसे पंखाच्या वरच्याच बाजूला. मोल्डिंगवाल्याच्या नजरेने बघायचं तर शून्य मार्क. पण पंखावरच्या त्या काळ्या डागाजवळ त्यांनी जोर लावून बघितला. पंख हलला नाही.

“आपलं वेल्डिंग,” एवढंच बोलले.

आता पैशांचं बोलू, कारण वाचणाऱ्यातले निम्मे तिथेच अडले असतील. हा स्टारस्क्रीम अमेरिकेत आला तेव्हा तीस डॉलरचा होता. आपल्याकडे महाग पडतो याचं एक कारण कस्टम ड्युटी. खेळण्यांवरची ड्युटी फेब्रुवारी २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० केली, २०२३ला ती ७० झाली. शिवाय १ जानेवारी २०२१पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. हेतू चांगला आहे, इथे माल बनावा आणि फालतू रंग-प्लास्टिक पोरांच्या तोंडात जाऊ नये. काही प्रमाणात इथे बनतंयही. बेळगावची एकस ही कंपनी एअरबस-बोइंगच्या विमानांचे भाग बनवते आणि खेळणीही बनवते, हॅस्ब्रो तिच्या गिऱ्हाइकांपैकी एक. खरं विमान आणि खेळणं एकाच कंपनीत, हे मला स्टारस्क्रीमइतकंच भारी वाटलं. बाबांना सांगितलं तर त्यांनी फक्त विचारलं, “माणसं घेतायत का?” मग स्वतःच म्हणाले, “आता माझं वय नाही ते.”

ड्युटीचा दुसरा परिणाम म्हणजे नकली माल. आपल्या पट्ट्यात याची लाज कुणाला वाटायचं कारण नाही, ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा जोक आपण बालवाडीपासून ऐकतोय. ट्रान्सफॉर्मर्सचे नकली आता जत्रेतल्यासारखे राहिले नाहीत. फोटोत ओळखू येत नाहीत इतके हुबेहूब, कधीकधी अस्सलपेक्षा मोठ्या आकाराचे. माझ्या वर्गातल्या एकीने ‘ओरिजिनल, फक्त बॉक्स नाही’ असं वाचून अडीच हजार घालवले. आलं ते नकली. पैसे परत मिळाले नाहीत, आणि तिच्यासाठी ती रक्कम म्हणजे दोन महिन्यांचा पास आणि डबा होता.

म्हणून घ्यायच्या आधी विकणाऱ्याकडून जवळून काढलेले फोटो मागा. अस्सल खेळण्यावर कुठेतरी आतल्या बाजूला, पायाखाली किंवा पाठीवर, बारीक अक्षरात कंपनीचं नाव आणि बनवल्याचा कोड असतो. नकलीवर तो बहुतेकदा नसतो किंवा घासून गुळगुळीत झालेला असतो. रंगाच्या कडा बघा. आणि व्हिडिओ मागा, रूपांतर करतानाचा, मधला. सांधे सैल आहेत की नाही ते तिथेच कळतं. विकणारा व्हिडिओ द्यायला कां-कूं करत असेल तर फाटकातून परत फिरा.

नकली घ्यावंच की नाही? इथे मी दादासारखा कडक नाही. तो म्हणतो चोरी ती चोरी. डिझाइन करणाऱ्याची मेहनत आहे हे मला बाबांनी डाय दाखवल्यावर जास्तच पटलंय. पण दुर्गाडीच्या त्या गाडीवर मला कुणी ‘अस्सल नाही, घेऊ नकोस’ म्हटलं असतं तर मी आज हा लेख लिहीत नसतो. लहान मुलाने पन्नास रुपयांत विमान घेणं वेगळं आणि मी स्टायपेंडमधून दोन हजारांचा नकली घेणं वेगळं, असं माझं सध्या तरी म्हणणं आहे. तुमचं वेगळं असू शकतं.

आणि अस्सल साडेतीन हजारांना घ्यावा का? एकट्याने घेत असाल आणि नुसता कपाटात ठेवणार असाल तर नको. फोटो फुकट आहेत. हातात घेऊन रोज उघडझाप करणार असाल, बसमध्ये, लेक्चरच्या मागच्या बाकावर, सबमिशनच्या रात्री दोन वाजता, तर हो. माझ्या ग्रुपमधले तिघे काँट्री काढून एक घेतायत, आठवडा आठवडा वाटून ठेवणार. भांडणं होणार हे नक्की, पण आयडिया वाईट नाही. आणि सेकंडहँड मिळाला तर डोळे झाकून नव्हे, डोळे उघडे ठेवून घ्या.

माझ्या रिव्ह्यूचे आठ मार्क मात्र आता पक्के राहिले नाहीत. खालून दिसणाऱ्या हातांचा एक मी कापला होता, तो कायम. मऊ टोकांचा कापला होता, तो परत दिला, कारण ती कुणाच्या तरी डोळ्यासाठी मऊ आहेत. स्वभावाचे पूर्ण. आणि सांध्यांचे किती द्यायचे ते पाच वर्षांनी सांगेन.

परवा कॉलेजहून आलो तर शोकेसवर स्टारस्क्रीम विमानाच्या रूपात होता. सकाळी जाताना रोबो होता. इन्स्ट्रक्शनचा कागद माझ्याच बॅगेत होता, म्हणजे कुणीतरी तो न बघता केलं होतं. एक पाय नीट बसला नव्हता, शेपटं उलटी होती. शेजारी दुर्गाडीचं विमान, धूळ पुसून.

बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “तो निळा होता ना एक, फोटोतला? त्याचा काय भाव आहे?”